दुर्बीण आत जाताना: हवा, गॅस की पाणी?

प्रश्न: मागच्या कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) मध्येच असह्य कळ आली आणि नंतर दिवसभर पोट फुगलेलं राहिलं. त्याआधी माझं गर्भाशय काढलेलं आहे. आता पुन्हा तपासणी करायची आहे. हवेऐवजी आतड्यात पाणी भरत केली तर कमी दुखतं, असं ऐकलं. खरं का? (एक वाचिका, मिरज)

उत्तर: बऱ्याच अंशी खरं. आतड्याच्या अस्तराला चिमटा काढला तरी कळत नाही. ताण बसला की मात्र लगेच कळतं. डाव्या बाजूचा सिग्मॉइड हा भाग लोंबता असतो. दुर्बिणीचं टोक वळणावर अडतं, मागून रेटा चालूच राहतो आणि तिथे वेटोळं तयार होतं. त्याने आतड्याला धरून ठेवणारा पडदा ताणला जातो. तुमची कळ बहुधा तीच. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडं कधीकधी आजूबाजूला चिकटतं आणि वळण जास्तच टोकदार होतं. तेव्हा ‘मला सोसत नाही’ असा दोष स्वतःकडे घेऊ नका.

साध्या हवेने आतडं फुगतं, लांबतं, वळणं आणखी आवळली जातात. कार्बन डायऑक्साइड वापरला, तर तो हवेतल्या नायट्रोजनपेक्षा शंभरपटीहून जास्त वेगाने आतड्यातून रक्तात शोषला जातो आणि श्वासावाटे निघून जातो. दिवसभर पोट फुगणं यानेच टळतं. वेटोळं मात्र गॅस बदलून टळत नाही.

पाण्याच्या पद्धती दोन. एकीत पाणी सोडत आत जातात आणि परतताना ते ओढून घेतात. दुसरीत हवेचं बटण बंदच ठेवतात, दिसेल तो हवेचा बुडबुडा ओढून घेतात, पंपाने स्वच्छ पाणी सोडतात आणि गढूळ पाणी आत जातानाच काढतात. डाव्या कुशीवर असताना पाण्याच्या वजनाने सिग्मॉइड खाली बसतो, वळण सैल होतं. पाणी कोमट असलं तर आतडं कमी आखडतं. तुलनात्मक चाचण्यांमध्ये आत जातानाचा त्रास या दुसऱ्या पद्धतीत सर्वांत कमी आढळला आहे, आणि उजव्या बाजूचे पॉलिपही (अस्तरावर वाढलेल्या लहान गाठी) जास्त सापडतात. किंमत एवढीच, की शेवटपर्यंत पोचायला काही मिनिटं जास्त लागतात. पोट नीट साफ नसेल तर पाणी डाळीच्या वरणासारखं होतं, पुढचा मार्ग दिसत नाही आणि डॉक्टरांना नाइलाजाने गॅसवर यावं लागतं.

तरीही खरी मदार हातावर. सरळ राहिलेली दुर्बीण ७० ते ८० सेंटिमीटरला आतड्याच्या उजव्या टोकाशी पोचते. आकडा १२० झाला आणि टोक अजून वाटेतच असलं, तर आत वेटोळं आहे असं समजायचं. अशा वेळी पुढे न ढकलता मागे ओढत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवतात. सहायक बेंबीखाली डावीकडे तळहाताने दाबून धरतात, तुम्हाला उताणं व्हायला सांगतात. कळ आली की दात दाबून गप्प राहू नका, लगेच सांगा. शस्त्रक्रियेची माहिती आधीच द्या आणि ‘कार्बन डायऑक्साइड आहे का, पाण्याने करता का’ हे सरळ विचारा.

प्रश्न: वडिलांची तपासणी दहा मिनिटांत उरकली. एवढ्यात नीट होते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: आत किती लवकर गेले याला फारसं महत्त्व नाही. पाहणी मुख्यतः बाहेर येताना होते. पॉलिप काढण्याचा वेळ सोडून परतीला किमान ६ मिनिटं हवीत; अलीकडे ८ धरतात. रिपोर्ट पाहा: परतीचा वेळ, आतडं किती साफ होतं याचे गुण, आणि अपेंडिक्सच्या तोंडाचा व लहान-मोठ्या आतड्यांमधल्या झडपेचा फोटो. हे फोटो नसतील तर दुर्बीण टोकापर्यंत गेली होती का, हे विचारा.

प्रश्न: साफ होण्याचं औषध आदल्या रात्रीच सगळं संपवलं तर चालेल का? (एक वाचिका, मडगाव)

उत्तर: सकाळी उशिरा किंवा दुपारी तपासणी असेल तर नको. मधल्या तासांत लहान आतड्यातला चिकट द्रव उजव्या बाजूला उतरून पसरतो, आणि पॉलिप नेमके तिथेच चुकतात. अर्धं संध्याकाळी घ्या. उरलेलं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून किमान २ तास आधी संपवा. शेवटी लघवीसारखं पिवळसर, नितळ पाणी पडायला हवं. लोहाच्या गोळ्या साधारण ५ ते ७ दिवस आधी बंद कराव्या लागतात, कारण त्याने मळ काळा, चिकट होतो. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.