येन्को कॅमारोंपैकी आज उरलेल्या खऱ्या गाड्या कशा शोधतात?

तुम्ही विचारलंय की १९६९ च्या येन्को कॅमारो, म्हणजे डीलरने स्वतःच्या नावाने मोठं इंजिन घालून विकलेल्या शेव्हरोले गाड्या, आज कुठे सापडतात आणि सापडलेली गाडी खरी की बनावट हे कसं ओळखायचं. मी पश्चिम पेनसिल्व्हेनियात राहतो. या गाड्यांचं मूळ गाव कॅनन्सबर्ग इथून फार लांब नाही आणि जुन्या शेव्हरोलेंचे नंबर नि कागद तपासून देणं हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे. शोध नेहमी कागदापासून सुरू करा. पट्टे, बिल्ले आणि रंग अगदी शेवटी बघा.

आधी थोडी पार्श्वभूमी. डॉन येन्को हा शर्यतीत उतरणारा ड्रायव्हर, आणि घरची शेव्हरोलेची शोरूम. त्या काळात जनरल मोटर्सचा नियम होता की लहान आणि मध्यम आकाराच्या गाडीत ४०० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. त्यामुळे कॅमारोला जास्तीत जास्त ३९६ मिळायचं. ४२७ घन इंचांचं, म्हणजे सात लिटरचं इंजिन कॉर्व्हेट ही शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार आणि मोठ्या सेडान गाड्यांसाठी राखीव होतं. १९६७ मध्ये येन्कोने कारखान्यातून आलेल्या कॅमारोंची इंजिनं काढून त्यात ४२७ बसवायला सुरुवात केली. १९६९ साठी त्याने शेव्हरोलेकडूनच हे काम करून घेतलं. पोलीस, टॅक्सी वगैरे खास गिऱ्हाइकांसाठी सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर, म्हणजे ‘कोपो’ नावाची वाट होती. त्या वाटेने ९५६१ क्रमांकाच्या ऑर्डरवर ४२७ इंजिनाच्या कॅमारो ओहायोतल्या नॉरवुड कारखान्यातून थेट बाहेर पडू लागल्या. येन्कोकडे त्यांना पट्टे, बिल्ले आणि सीटच्या हेडरेस्टवर त्याचं ‘एसवायसी’ हे चिन्ह मिळालं. शेव्हरोलेच्या हिशेबी इंजिन ४२५ अश्वशक्तीचं, येन्कोच्या जाहिरातीत ४५०. अशा कॅमारो निघाल्या सुमारे दोनशे.

हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर चालते. १९६७-६८ च्या गाडीत इंजिन बाहेर बदललेलं आहे, त्यामुळे त्या इंजिनावर गाडीचा चॅसिस नंबर कोरलेला नसणं हा दोष धरायचा नाही. १९६९ च्या गाडीत मात्र इंजिन कारखान्यात बसलं, म्हणून तिथे ते नंबर जुळायला हवेत.

आता गाड्या गेल्या कुठे? या गाड्या घेणारी बहुतेक तरुण पोरं होती आणि त्यांनी त्या शर्यतीसाठीच घेतल्या. इंजिनं फुटली, बदलली गेली, विकली गेली. विम्याचे हप्ते परवडेनात. १९७३ च्या तेलटंचाईनंतर सात लिटरची तहानलेली गाडी कोणाला नको होती. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने पत्रा खालून सडत जातो. त्यातून वाचलेल्या गाडीला दुसऱ्या-तिसऱ्या मालकाने वेगळा रंग दिला की पट्टे गेले, बिल्ले गेले, आणि उरली एक साधी दिसणारी जुनी कॅमारो. तिच्या मालकाला ती काय आहे हे ठाऊक नसण्याची शक्यता खरोखरच असते. शिवाय येन्को आपल्या गाड्या इतर राज्यांतल्या डीलरांमार्फतही विकायचा, म्हणून फक्त पेनसिल्व्हेनियात शोधून भागत नाही.

शोधायला दोन टोकं असतात: एक पहिल्या मालकाचं, दुसरं आजच्या गाडीचं.

पहिल्या मालकाच्या टोकाला शोरूमची बिलं, विक्रीच्या नोंदी, जुन्या ड्रॅग शर्यतींचे, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या छोट्या वेगवान शर्यतींचे फोटो आणि स्थानिक वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती उपयोगी पडतात. गावच्या सार्वजनिक वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं आणि शहराच्या पत्त्यांच्या डिरेक्टऱ्या मिळतात. १९७१ सालच्या एखाद्या चार ओळींच्या जाहिरातीत ‘४२७ कॅमारो, ४.१० ॲक्सल’ (४.१० हे मागच्या ॲक्सलच्या गिअरचं गुणोत्तर) असं दिसलं की माझं तर काळीज धडधडतं. एकेकाळी मोटार नोंदणी कार्यालयाकडून मालकांची साखळी मिळवता येई. १९९४ च्या ड्रायव्हर्स प्रायव्हसी प्रोटेक्शन ॲक्टनंतर ती वाट खासगी माणसाला जवळपास बंद झाली. सात-बाऱ्यावरच्या फेरफार नोंदी कशा एकामागून एक लावत जातात, तसंच इथेही एका मालकाकडून पुढच्याचं नाव विचारत जावं लागतं. हे काम पत्राने करा. ऐंशीच्या घरातल्या माणसाला अनोळखी फोन आला की तो ठेवून देतो. नीट लिहिलेलं पत्र, त्याच्याच काळच्या गाडीचा फोटो जोडलेलं, त्याला बोलतं करतं. आणि त्यांच्या बोलण्यातली बारीकसारीक माहिती लगेच टिपून ठेवा. ही माणसं आता थोडी उरली आहेत.

दुसऱ्या टोकाला गाडी. १९६९ च्या कॅमारोचा चॅसिस नंबर डॅशबोर्डवर चालकाच्या बाजूला, काचेतून दिसतो. त्यात १२४३७ म्हणजे व्ही-८ इंजिनाची कूपे, मग ९ म्हणजे १९६९, मग एन म्हणजे नॉरवुड. एनच्या जागी एल असेल तर गाडी कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसची, आणि मग येन्कोचा दावा तिथेच संपतो. पण नुसत्या नंबरावरून इंजिन कोणतं होतं हे कळत नाही, कारण शेव्हरोले ते तेव्हा नंबरात घालतच नव्हती. या नंबराची पाटी ज्या रिव्हेटांनी बसवली आहे तेही बघा. त्यांची डोकी सहा पाकळ्यांच्या फुलासारखी असायला हवीत. साधे गोल रिव्हेट दिसले तर पाटी कोणीतरी काढली होती असं समजा. नंबराचा काही भाग इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर, हीटरच्या खोक्यामागे, पुन्हा ठोकलेला असतो. बनावट करणारे लोक तिथपर्यंत सहसा जात नाहीत, म्हणून मी तो आवर्जून बघतो.

बॉडीच्या पाटीवर महिना आणि आठवडा असतो, उदाहरणार्थ ०२बी म्हणजे फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. तिथेच रंगाचा कोड असतो: ७२ म्हणजे हगर ऑरेंज, ७१ म्हणजे ल मान्स ब्लू. येन्कोने बहुतेक गाड्या ठरावीक भडक रंगांत मागवल्या होत्या. कोपोची गाडी कागदोपत्री एसएस किंवा झेड-२८, म्हणजे कॅमारोच्या नेहमीच्या वेगवान आवृत्त्यांपैकी, नव्हती. त्यामुळे पाटीवर त्यांचा कोड आणि बोनेटखाली ४२७ असं दिसलं तर इंजिन नंतर आलेलं आहे.

इंजिनावर एमएन हा शिक्का असेल तर मॅन्युअल गिअरबॉक्स, एमओ असेल तर ऑटोमॅटिक. ब्लॉक कधी ओतला त्याची तारीख त्याच्यावरच उठलेली असते. आधी ओतकाम, मग इंजिनाची जुळणी, मग गाडी, असाच क्रम लागला पाहिजे. ब्लॉकच्या पुढच्या सपाट पट्टीवर, जिथे शिक्का असतो, कारखान्याच्या यंत्राचे बारीक समांतर ओरखडे असतात. ते पुसलेले असतील आणि वर अक्षरं मात्र ताजी, ठसठशीत दिसत असतील, तर ती नंतर ठोकलेली आहेत.

या सगळ्याहून मोठा पुरावा म्हणजे प्रोटेक्ट-ओ-प्लेट. वॉरंटीच्या पुस्तिकेला चिकटवलेला हा छोटा धातूचा पत्रा. त्यावर चॅसिस नंबर, इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सलचे कोड उठवलेले असतात. शेजारी पहिल्या मालकाचं नाव असतं, म्हणजे दोन्ही टोकं तिथे जुळतात. बिल्ड शीट हा कारखान्यातला कागद कधी सीटच्या स्प्रिंगांत, कधी पेट्रोलच्या टाकीवर अडकलेला सापडतो. जुनी सीट टाकून देण्याआधी आत हात घालून बघाच. जनरल मोटर्सच्याच पॉन्टिअॅक या दुसऱ्या ब्रँडच्या गाड्यांसाठी पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याची नोंद मिळते, आणि कॅनडात विकलेल्या गाड्यांची नोंद जनरल मोटर्सच्या कॅनडा शाखेने जपली आहे. अमेरिकेत विकलेल्या १९६९ च्या कॅमारोला असा आधार नाही, म्हणून हे छोटे पत्रे आणि चिठोऱ्या इतक्या मोलाच्या.

इतर डीलरांच्या गाड्यांबद्दलही थोडं सांगतो. लाँग आयलंडच्या बाल्डविन-मोशनच्या गाड्यांत बदल कारखान्याबाहेर झाले, त्यामुळे तिथे मूळ बिलाशिवाय काहीच सिद्ध होत नाही. मिशिगनच्या रॉयल पॉन्टिअॅकची ‘बॉबकॅट’ तर आणखी अवघड. पातळ हेड गॅस्केट आणि कार्ब्युरेटरचे बदललेले जेट बाहेरून दिसणार कसे? तशी गाडी शोधणाऱ्याच्या चिकाटीला माझा मनापासून नमस्कार.

माझं ठाम मत असं आहे की मूळ इंजिन हरवलेली, सडलेली, पण पहिल्या बिलापासून आजपर्यंत साखळी सिद्ध झालेली गाडी ही आरशासारख्या चकचकीत, कागद नसलेल्या गाडीपेक्षा कितीतरी मोलाची आहे. इंजिन फुटणं हा या गाड्यांच्या आयुष्याचाच भाग होता. बाजारात भाव उलटे लागतात, आणि त्यामुळेच खोटे शिक्के ठोकले जातात.

तुमच्या बघण्यात एखादी गाडी आली तर हीटरच्या खोक्याजवळचा ठसा, बॉडीची पाटी आणि इंजिनाची पट्टी यांचे सरळ उजेडात, न पुसता फोटो काढा. गंज घासू नका, त्याने अक्षरं जातात. आणि पूर्ण चॅसिस नंबर कुठेही जाहीर टाकू नका. भंगारात गेलेल्या खऱ्या गाडीचा नंबर उचलून दुसऱ्या पत्र्यावर चढवणारे लोक अशाच नंबरांच्या शोधात असतात. शेवटचे तीन आकडे झाकून फोटो टाकलेत तर मी आनंदाने बघून सांगेन.