व्हिक्टोरियन काळात इंग्लंडमधल्या लेस्टरसारख्या शहरात इतकी तान्ही बाळं का दगावत?

मुख्य कारण उन्हाळ्यातली हगवण. लेस्टर त्यासाठी कुप्रसिद्धच होतं. कारखान्यात जाणाऱ्या आईचं बाळ शेजारणीकडे, वरच्या दुधावर. दूध उघड्यावरचं, आणि लांब रबरी नळीची बाटली आतून नीट धुताच यायची नाही. त्यात बादलीचे संडास नि माश्या. रडू नये म्हणून वर अफू घातलेलं ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचं गोड औषध! अकाली जन्म, न्यूमोनिया, डांग्या खोकला होतेच.

तेव्हाचे अनेक डॉक्टर कामकरी आयांनाच दोष देत. मला ते पटत नाही. ईशान्य इंग्लंडातल्या डरहॅमच्या कोळसा-खाणीच्या वस्त्यांत लग्न झालेल्या बायका क्वचितच बाहेर कामाला जात, तरी तिथेही बाळं मोठ्या संख्येने दगावत. १८९९ साली इंग्लंड-वेल्समध्ये दर हजारी सुमारे १६० बाळं वर्षाच्या आत गेली.