कानबान की ईआरपी? आधी इन्सेंटिव्ह कशावर आहे ते बघा

तुम्ही विचारलंय, चाळीस माणसांच्या मशीन शॉपला कानबानची कार्डं (टोयोटाची पद्धत: पुढच्याने माल वापरला की कार्ड मागे येतं, तेव्हाच मागच्याने तेवढा नवा बनवायचा) पुरतील की ईआरपीचं, म्हणजे खरेदी-साठा-उत्पादन एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं, प्लॅनिंग मॉड्यूल घ्यावं. शेवटी जाता जाता लिहिलंय, "मालक म्हणतात काहीही करा, पण मशीन रिकामं दिसता कामा नये." एवढं वाक्य नसतं तर मी पुढे गेलो असतो. त्या वाक्याशी भांडण्यात माझी तीन वर्षं गेलीत.

भोसरीत एका युनिटमध्ये मी प्लॅनिंगला होतो. दुचाकीच्या गिअरबॉक्सचा शाफ्ट. टर्निंग (कातकाम) आमच्याकडे, हीट ट्रीटमेंट (तापवून कडक करणं) बाहेर, ग्राइंडिंग (घासून नेमक्या मापाला आणणं) परत आमच्याकडे. ग्राइंडरवरून दिवसाला ३०० नग निघायचे, डोकं आपटलं तरी ३०१ नाही. टर्निंगची दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) मात्र ५०० पर्यंत काढायची, कारण ऑपरेटरचा इन्सेंटिव्ह नगावर आणि साहेबांचा रिपोर्ट मशीन किती तास चाललं त्यावर. उरलेला माल ग्राइंडरच्या मागे, जिन्याखाली, शेवटी सायकल स्टँडवर ताडपत्री टाकून. एकदा मोजला, ४,२०० नग. भागिले ३००, म्हणजे आज टर्निंग झालेला शाफ्ट १४ दिवसांनी ग्राइंडरवर चढणार. याला लिटलचा नियम म्हणतात, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला, पण भागाकार चौथीतल्या पोरालाही येतो. साहेब म्हणायचे, "माल हाताशी आहे ना? मग रडतोस कशाला?"

ऐन जुलैत ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन आलं. सर्क्लिपची (शाफ्टवर बसणाऱ्या लॉकिंग रिंगची) खाच अर्धा मिलीमीटर सरकली. खाच टर्निंगलाच पडते. ग्राहकाने चार दिवसांचा जुना माल चालवून घेतला, उरलेले ३,००० नग आमच्या माथी. त्यातल्या निम्म्यांवर पावसाने गंज चढलेला, तो वेगळाच.

तेव्हा कुठे मला कार्डं लावायची परवानगी मिळाली. रोजची गरज ३००, माल भरून यायला ३ दिवस (हीट ट्रीटमेंटवाल्याचे २ धरून), झाले ९००. एका दिवसाचा माल जोखमीपोटी, १,२००. क्रेटमध्ये ६० नग, म्हणून २० कार्डं. ग्राइंडरवाल्याने क्रेट उघडला की त्याचं कार्ड टर्निंगजवळच्या खिळ्यावर. खिळा रिकामा असेल तर सीएनसी बंद. ऑपरेटरने चिप्स (धातूचा कीस) काढायच्या, कूलंट बघायचं, दुसऱ्या जॉबचं सेटिंग शिकायचं. पहिल्याच आठवड्यात दोन्ही मशीन जेवणानंतर उभी. साहेबांनी अख्ख्या शॉपसमोर विचारलं, "बँकेचा हप्ता तू भरणार का?"

महिनाभरात जिन्याखाली जागा झाली. मग हळूच पुन्हा क्रेट दिसायला लागले. कार्डं मोजली तर २७! मी प्रत्येकावर मार्करने नंबर घातला होता म्हणून सापडलं: १४ नंबरची दोन. एक लॅमिनेट केलेलं, दुसरी रंगीत झेरॉक्स, कूलंटने कडा फुगलेली. सेकंड शिफ्टच्या सुपरवायझरला धरलं, तर खाली बघत म्हणाला, "साहेबांनीच सांगितलंय, रात्री मशीन उभं ठेवायचं नाही." त्याच्यावर काय चिडणार? खिळ्यावरची कार्डं संपली की त्याच्या शिफ्टच्या ऑपरेटरांचा इन्सेंटिव्ह संपायचा. इथे चूक माझीही. इन्सेंटिव्ह डिस्पॅचवर, म्हणजे ग्राहकाकडे गेलेल्या मालावर लावा, हे आधी भांडून घ्यायला हवं होतं. मी लॅमिनेशनच्या दुकानात उभा होतो.

आता तुमचा प्रश्न. मॉड्यूलमध्ये कुणीतरी लीड टाइम (माल तयार व्हायला लागणारा वेळ) १४ दिवस भरतो. मग ते १४ दिवस आधी माल शॉपमध्ये सोडतं, शॉप तुंबतं आणि ते १४ दिवस खरे होतात. म्हणून शॉपच्या आत कार्डं. स्टीलचे बार मागवायला मात्र मॉड्यूल घ्याच. स्टील यायला आठवडे लागतात, ते खिळ्यावरच्या कार्डाने येत नाही.

हेही सांगायला हवं की वरचं सगळं रोज तोच तोच नग काढणाऱ्यांसाठी. तुमचं जॉबवर्क दर वेळी वेगळं असेल तर पार्टगणिक कार्ड ठेवणं शुद्ध वेडेपणा. तिथे आत एका वेळी किती जॉब असतील तेवढाच आकडा बांधा, एक बाहेर गेला की एक आत. आणि रिजेक्शन जास्त असेल तर २० कार्डांत तुमची लाइन रोज उपाशी मरेल, आधी ते आवरा.

साठा हवाच हे पटवायला कुणीतरी तुम्हाला आयसिनची, म्हणजे टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीची, आग ऐकवेलच. आमचे साहेब दर मीटिंगला ऐकवायचे. १ फेब्रुवारी १९९७ ला आयसिनचा जपानमधल्या कारियातला कारखाना पेटला, ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथूनच यायचा, टोयोटाकडे काही तासांचा साठा, जपानमधल्या लाइनी बंद. खरं आहे. पण इतर सप्लायरांनी मिळून तो व्हॉल्व्ह बनवला, आठवड्याभरात गाडी रुळावर आली, आणि टोयोटाने त्यानंतरही कार्डं सोडली नाहीत. एकाच घरून माल घेण्याची ती शिक्षा होती. जिन्याखाली शाफ्ट रचून ठेवायला तो दाखला चालत नाही, साहेब.

सुरुवात एकाच पार्टपासून करा. कार्डं पत्र्याची करून घ्या, नंबर पंच मारून. पत्र्याची झेरॉक्स निघत नाही.