टी-डब्ल्यूने सुरू होणारे इंग्रजी शब्द आणि ‘दोन’चे घराणे

सोलापूरच्या एका यंत्रमागधारक वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या मुलीच्या वहीत टी आणि डब्ल्यू या अक्षरांनी सुरू होणाऱ्या इंग्रजी शब्दांची यादी आहे. तिच्यात टू, ट्विन, ट्वाइस, ट्वेल्व्ह आणि ट्वेंटी यांच्या जोडीला कापडधंद्यातले ट्विल, ट्वाइन आणि ट्विस्ट हे शब्द आहेत आणि शेवटी ट्वीझर्स, म्हणजे चिमटा. हे सर्व शब्द ‘दोन’वरूनच आले आहेत का, आणि टू या शब्दातला डब्ल्यू उच्चारायचा नसेल तर तो लिहायचा कशासाठी, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की ट्वीझर्स सोडून बाकीचे आठही शब्द एकाच घराण्यातले आहेत. पण ते कळण्यासाठी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागते.

जुन्या इंग्रजीत दोनसाठी ‘ट्वा’ असे रूप होते आणि त्यातला व स्पष्ट उच्चारला जाई. पुढे त्याच्या पाठचा स्वर ओठांचा चंबू करून म्हणायचा होत गेला आणि व त्या स्वरातच विरून गेला. लेखन मात्र जुनेच राहिले. सोर्ड, म्हणजे तलवार, या शब्दातला डब्ल्यूही असाच गेला आहे. ट्विन, ट्वाइस, ट्वेंटी यांत पुढचा स्वर निराळा असल्यामुळे व टिकला. तेव्हा टूमधला डब्ल्यू निरर्थक नाही, तो या शब्दाचे आपल्या भावंडांशी असलेले नाते दाखवतो. ‘ट्वा’ आणि संस्कृत ‘द्वि’ यांचेही मूळ एकच आहे. संस्कृतातल्या द च्या जागी इंग्रजीत ट दिसतो, दश आणि टेन, दंत आणि टूथ ही त्याची आणखी उदाहरणे. याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकाने अशा ध्वनिबदलांचा नियम १८२२ मध्ये मांडला.

मराठीत याच ‘द्व’चे जे झाले ते मला अधिक विलक्षण वाटते. ‘दोन’मध्ये द राहिला आणि व गेला, तर बारा, बावीस, बेचाळीस, बावन्न यांत द गेला आणि व चा ब झाला. गुजरातीत तर दोनलाच ‘बे’ म्हणतात. त्यामुळे सोलापूरच्या बाजारात एखाद्या दुकानापुढे उभे राहिले की दोन, दो आणि बे हे एकाच मुळाचे तीन उच्चार कानी पडू शकतात, तर त्याच गर्दीतले तेलुगू ‘रेंडु’ आणि कन्नड ‘एरडु’ हे द्राविड कुळातले असल्यामुळे त्यांचे या घराण्याशी नाते नाही.

ट्वेल्व्हचा मूळ अर्थ ‘दोन उरले’ असा आहे, म्हणजे दहा मोजून झाल्यावर दोन शिल्लक. इलेव्हन म्हणजे तसेच ‘एक उरला’. ट्वेंटी म्हणजे दोन दहे. ट्विन आणि ट्वाइस यांविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. यादीत नसलेला ट्वायलाइट, म्हणजे संधिप्रकाश, हाही याच घरचा शब्द आहे.

आपल्या धंद्यातल्या शब्दांकडे मात्र थोडे थांबून पाहावेसे वाटते. ट्वाइन म्हणजे मुळात दुहेरी दोरा. ट्विस्टचा जुना अर्थही दोन पेडांची दोरी याच्याशी निगडित होता, आणि ‘पीळ देणे’ हा आजचा अर्थ त्यातून आला, कारण दोन तारा नुसत्या शेजारी ठेवून दोरी होत नाही, त्यांना पीळ द्यावाच लागतो. आजही सुताच्या गठ्ठ्यावर २/२० असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ वीस नंबरच्या दोन तारा एकत्र पिळलेले सूत असाच होतो.

ट्विल हा शब्द लॅटिनमधल्या ‘बिलिक्स’ या शब्दाच्या धर्तीवर घडवला गेला. त्याचा अर्थ ‘दोन धाग्यांचे’, आणि त्यातला ‘बि’ हाही जुन्या ‘द्व’चाच ब झालेला आहे, अगदी आपल्या बारा-बावीससारखा. साध्या विणीत आडवा धागा एका उभ्या धाग्याच्या वरून आणि पुढच्याच्या खालून जातो. नेहमीच्या ट्विलमध्ये तो दोहोंच्या वरून आणि दोहोंच्या खालून जातो, आणि दर ओळीला ही जागा एकेका धाग्याने सरकते, म्हणून कापडावर तिरप्या रेघा उमटतात. तीन धाग्यांसाठी लॅटिनमध्ये ‘ट्रिलिक्स’ होते. ते जर्मनमधून इंग्रजीत आले आणि त्याचे ‘ड्रिल’ झाले. शाळेच्या गणवेशाचे खाकी ड्रिल ते हेच. कवायतीच्या ड्रिलशी त्याचा संबंध नाही. मराठीत ‘दुसुती’ हे कापडाचे नाव अगदी ट्विलसारखेच, दोन आणि सूत जोडून झालेले आहे, आणि ते वापरातून जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

आता ट्वीझर्स. चिमट्याला दोन पाती असतात, त्यामुळे हा शब्द ‘दोन’चा असणारच असे कोणालाही वाटेल, आणि नेमकी येथेच फसगत होते. फ्रेंचमध्ये ‘एत्वी’ म्हणजे बारीकसारीक उपकरणे ठेवण्याची छोटी पेटी. इंग्रजीत या शब्दाच्या अनेकवचनी रूपाचा आरंभीचा स्वर गळून ‘ट्वीझ’ उरले, आणि त्या पेटीतल्या चिमट्याला ट्वीझर्स म्हणू लागले. पात्यांची संख्या दोन असणे हा निव्वळ योगायोग आहे. टोमणा मारणे या अर्थाचा ‘ट्विट’ हाही असाच बाहेरचा. जुन्या इंग्रजीत तो ‘अॅट’ या उपसर्गाने सुरू होत असे, आणि उपसर्गाचा स्वर गेल्यावर उरलेला ट पुढच्या व ला चिकटला. पाखरांचे ट्वीट आणि तारेचे ट्वँग हे आवाजाच्या अनुकरणातून झालेले शब्द आहेत.

मराठीतल्या ‘दु’ने सुरू होणाऱ्या शब्दांनाही हीच कसोटी लावावी लागते. दुपार ही द्विप्रहर, दुपट्टा आणि दुहेरी हेही दोनचेच. परंतु दुकाळ आणि दुबळा यांतला ‘दु’ वाईट किंवा उणे या अर्थाच्या ‘दुस्’ या संस्कृत उपसर्गातून आला आहे, दूध ‘दुग्ध’वरून, आणि दुकान व दुनिया हे शब्द अरबी-फारसीतून आले आहेत. वरवर पाहता सारे एका रांगेत उभे दिसतात.

म्हणून वाचकांनी मुलीला ‘टी-डब्ल्यू म्हणजे दोन’ असा सरसकट नियम शिकवू नये. आठ शब्दांचा एक गट करावा, ट्वीझर्स वेगळा लिहावा, आणि नवा शब्द मिळाला की अर्थ जुळतो का हे पाहण्याआधी व्युत्पत्ती देणाऱ्या कोशात त्याचे सर्वांत जुने रूप पाहण्याची सवय तिला लावावी. पुढचा शब्द म्हणून तिला ‘ट्वीड’ द्यावा: स्कॉटलंडमध्ये ट्विललाच ‘ट्वील’ म्हणत, त्याचे ट्वीड झाले, आणि त्याच नावाची नदी तेथे असल्यामुळे हे बदललेले रूप पक्के झाले.