जुन्या गाडीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) दर आठवड्याला कमी होतं, पण जमिनीवर थेंब दिसत नाही. मेकॅनिक हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं म्हणतो. इंजिन खोलायला देऊ का?

लगेच देऊ नका. आधी होजपाइप बघा. जमिनीवर थेंब नाही म्हणजे गळती नाही, असं होत नाही. बारीक गळतीतलं पाणी तापलेल्या इंजिनवर पडतं आणि तिथेच उडून जातं. मागे राहतो तो फक्त डाग.

माझ्या 2003 सालच्या पेट्रोल गाडीचं हेच झालं होतं. महिनाभर मी कूलंटची टाकी भरत राहिलो आणि एक दिवस खंबाटकीच्या चढाला तापमानाचा काटा वर गेला. मागच्या सीटवर आई होती. तेव्हा लागलेली धास्ती अजून आठवते. घरी आल्यावर गाडी रात्रभर थंड होऊ दिली आणि सकाळी टॉर्च घेऊन बसलो. रेडिएटरचे वरचे-खालचे दोन्ही मोठे पाइप ठणठणीत होते. इंजिनच्या मागे, केबिनच्या पत्र्यात हीटरचे दोन पाइप शिरतात, तिथे एका क्लिपखाली हिरवट-पांढरी पापडी धरलेली. नखाने खरवडली तर खाली ओल.

तुम्हीही इंजिन थंड असतानाच बघा. गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. आत दाब असतो, झाकण निघताच उकळतं पाणी तोंडावर येतं. थंडपणी प्रत्येक पाइप टोकापाशी दाबून बघा, कारण रबर बहुधा तिथेच आतून चिरतं. चांगला पाइप दाबला की परत फुगतो. कडक झालेला कुरकुरतो. लोण्यासारखा मऊ झाला असेल तर बहुतेक वेळा त्यावर ऑइल गळलेलं असतं. काही क्लिपा फक्त गार असताना गळतात, कारण रबर आणि धातू सारखे आकसत नाहीत. इतकं करूनही सापडलं नाही तर हातपंपाने दाब देऊन टेस्ट करून घ्या. मात्र झाकणावर लिहिलंय त्याहून जास्त दाब देऊ देऊ नका. वॉटर बॉडीखालचं (म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाखालचं) छोटं भोक आणि पायाखालचं मॅट ओलं आहे का, तेही बघा. मॅटवरचं पाणी गोडसर वासाचं किंवा चिकट असेल तर ते कूलंट, एसीचं पाणी तसं नसतं.

पाइप सापडला की बदलाच. जुना ओढून काढू नका, रेडिएटरची प्लास्टिकची नळी मोडते. ब्लेडने उभा चिरून सोलून काढा. नळीवरचा गंज, पापडी बारीक पॉलिश पेपरने घासा. क्लिप नळीच्या कडेवरच्या उंचवट्याच्या मागे बसवा आणि रबर बाहेर फुगेल इतकी आवळू नका. एका बाजूचा पाइप गेला असेल तर दुसऱ्या बाजूचाही तेवढाच जुना आहे, दोन्ही एकदम बदलणं मला तरी शहाणपणाचं वाटतं. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा सल्ला कोणी देईल. पाइपाच्या चिरेला तिचा उपयोग नाही, रेडिएटरच्या बारीक नळ्या मात्र तुंबतात.

भरताना कॉन्सन्ट्रेट कूलंट असेल तर ते आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घ्या. इंजिन थंड असतानाच झाकण काढा, ते उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून इंजिन चालू करा. पंखा दोनदा लागेपर्यंत बुडबुडे येऊन हवा निघते, तसतसं वरून भरत राहा. सांडलेलं लगेच धुवा. कूलंट गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांना विष आहे.

मग टाकीवर पेनने खूण करा आणि आठवडाभर रोज सकाळी बघा. पातळी तरीही उतरली, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधी फेस दिसला, तर मेकॅनिकला हेड गॅस्केटची टेस्ट करायला सांगा.