वाचकांचे प्रश्न: हौशी वाद्यवृंद, दुसरे व्हायोलिन आणि विनामूल्य प्रवेश

हौशी वाद्यवृंदांविषयीची पत्रे अलीकडे वाढली आहेत, म्हणून या अंकातील सदर त्यांनाच दिले आहे. नोकरी आणि घर सांभाळून रविवारी सकाळी तालमीला बसणाऱ्या आणि वर्षातून दोन-तीनदा भरलेल्या सभागृहापुढे मानधनाविना वाजवणाऱ्या वादकांची ही पत्रे आहेत. दोन त्यांच्या श्रोत्यांचीही आहेत.

प्रश्न: शाळेत असल्यापासून मी हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकलो आणि पुढे गायनाच्या साथीला बसत आलो. निवृत्तीनंतर ठाण्यातील एका हौशी वाद्यवृंदात गेलो, तर त्यांनी मला 'सेकंड व्हायोलिन'मध्ये, म्हणजे व्हायोलिनवादकांच्या दोन गटांपैकी दुसऱ्यात, बसवले. तिथे चाल फारशी वाट्याला येत नाही. बराच वेळ दोन-तीन सूर आलटून पालटून वाजवायचे असतात. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरील पाश्चात्त्य स्वरलेखनही मला वाचता येत नाही. या वयात ते शिकावे, की हा माझ्या विद्येचा अपव्यय आहे?
(एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर: शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण ज्या अडचणीला सर्वांत मोठी समजता, ती खरे तर लहान आहे. ज्याला आपली सरगम लिहिण्याची भातखंडे स्वरलिपी वाचता येते, त्याला स्टाफ नोटेशनचा बराच भाग आधीच ठाऊक असतो, कारण मात्रा मोजणे, त्यांचे विभाजन करणे आणि विरामाची जागा राखणे हे दोन्हीकडे आहे. फरक आहे तो षड्जाचा. आपल्या लिपीत 'सा' लिहिला की तो गायकाच्या पट्टीनुसार कुठेही असू शकतो; पाच रेषांवरील प्रत्येक ठिपक्याची जागा मात्र एका ठरावीक सुराशी बांधलेली असते आणि रचनेचा आधारस्वर मध्येच बदलला तरी ती हलत नाही. ज्यांनी दर कार्यक्रमात निराळ्या पट्टीत साथ केली आहे, त्यांना सुरुवातीला हे जाचते. तरीही ठिपक्यांखाली सरगम लिहून ठेवण्याचा मोह टाळावा, कारण मग डोळा सरगमच वाचत राहतो.

खरी अडचण हातांची आहे. मांडी घालून, वाद्याचे डोके पायाच्या घोट्यावर टेकवून वाजवताना डाव्या हाताला वाद्य पेलावे लागत नाही, म्हणूनच तो मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणे) आणि गमक (सूर जोरकसपणे हलवणे) यांसाठी मोकळा राहतो. खुर्चीवर बसल्यावर तेच वजन खांदा आणि हनुवटी यांच्यावर येते. शिवाय आपल्या चार तारांपैकी दोन षड्जात आणि दोन पंचमात असतात, तर वाद्यवृंदात त्या जी, डी, ए, ई अशा एकमेकींपासून पंचमाच्या अंतराने लागतात, त्यामुळे बोटांना पाठ झालेल्या जागा बदलतात. परवडत असेल तर वाद्यवृंदासाठी एखादे साधे, दुसरे वाद्य ठेवावे. एकाच वाद्याच्या तारा दर आठवड्याला उतरवणे-चढवणे तारांनाही मानवत नाही आणि खुंट्यांनाही. गजाची दिशा हाही आपल्या दृष्टीने नवा नियम असेल: गज केव्हा ओढायचा आणि केव्हा ढकलायचा हे आपल्या ओळीचा प्रमुख ठरवतो आणि सगळ्यांनी ते तसेच पाळायचे असते.

कानाच्या बाबतीत मात्र आपण शेजाऱ्यांच्या पुढे असाल. एका अर्धस्वराचे 100 सेंट मानले, तर तंबोऱ्यावर पक्का झालेला शुद्ध गंधार कीबोर्डवरील गंधारापेक्षा सुमारे 14 सेंटने उतरता असतो, आणि तंतुवाद्यांचा स्वरमेळ (एकाच वेळी वाजणारे सूर) लांब धरला जातो तेव्हा हाच उतरता गंधार गोड लागतो. तो अनेकदा दुसऱ्या व्हायोलिनकडे किंवा व्हायोला या त्याच्या थोड्या मोठ्या, खालच्या सुराच्या भावंडाकडेच असतो. ज्या दोन-तीन सुरांचा आपल्याला कंटाळा आला आहे, त्यांतला एखादा नेमका तोच असेल, आणि तो चुकला तर पहिल्या व्हायोलिनची चाल कितीही सफाईने वाजली तरी एकूण नाद आंबट होतो. सोबत पियानो किंवा कीबोर्ड असेल तेव्हा मात्र त्याच्याशीच जुळवून घ्यावे लागते.

राहिला अपव्ययाचा मुद्दा. दुसरे व्हायोलिन म्हणजे पहिल्यात न मावलेल्यांची ओळ, हा समज आपल्याकडील काही संचालकांनीच जोपासला आहे. नवखे, अनियमित आणि कच्च्या सुराचे सगळे वादक तिथे बसवायचे आणि मग कार्यक्रमात मधला भाग पोकळ का वाटतो याचे नवल करायचे, हा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. आपल्यासारख्या सुरेल माणसाला तिथे बसवणाऱ्या संचालकाला आपले काम कळते, असे मी म्हणेन. आपण आयुष्यभर गायकाच्या मागे, त्याच्यापेक्षा किंचित कमी आवाजात, त्याने घेतलेली जागा ओळखून वाजवत आलात, आणि त्या ओळीत नेमकी हीच विद्या लागते. मींड मात्र घरी ठेवावी.

प्रश्न: ऐरोलीत आमचा साधारण तीस जणांचा वाद्यवृंद आहे. आमच्या कार्यक्रमांना प्रवेश विनामूल्य असतो आणि गर्दी चांगली होते, परंतु नाट्यगृहाचे भाडे आणि ध्वनियंत्रणेचा खर्च आता झेपत नाही. तिकीट लावावे का? पाश्चात्त्य रचनांबरोबर आम्ही जुन्या चित्रपटगीतांच्या सुरावटीही वाजवतो. त्यासाठी परवानगी लागते का?
(कार्यवाह, ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर: हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, हे मंडळांच्या सहसा उशिरा लक्षात येते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये हौशी मंडळांना एक सवलत आहे: श्रोत्यांकडून पैसे न घेता किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या लाभासाठी केलेला संगीतकृतीचा प्रयोग हक्कभंग ठरत नाही. तिकीट लावले की ही सवलत सुटते. रुग्णालयाच्या किंवा शाळेच्या मदतीसाठी तिकीट लावले तर चालेल, असे अनेकांना वाटते, परंतु कायद्याच्या त्या वाक्यात केवळ धार्मिक संस्थांचा उल्लेख आहे. 'स्वेच्छामूल्य' म्हणून दाराशी पेटी ठेवली आणि पैसे टाकल्याशिवाय आत सोडले नाही, तर त्या प्रवेशाला विनामूल्य म्हणणे कठीण आहे.

'जुने' या शब्दानेही फसू नये. संगीतकृतीवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो, म्हणजे 1950 च्या दशकातील पुष्कळ चित्रपटगीते आजही हक्काखाली आहेत. हायडन, मोझार्ट किंवा बेथोवन यांच्या मूळ रचनांना ही अडचण नाही; मात्र एखाद्या आधुनिक संगीतकाराने त्यांची नव्याने केलेली मांडणी आपण वाजवत असाल, तर त्या मांडणीवर त्याचा हक्क असू शकतो. तिकीट लावायचेच ठरले, तर हक्काखालील रचनांसाठी 1969 पासून काम करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडून आधी परवाना घ्यावा आणि त्याचे शुल्क अंदाजपत्रकात धरावे.

माझा कल विनामूल्य प्रवेशाकडे आहे, आणि त्याचे कारण केवळ कायदा नाही. तिकीट काढून आलेला श्रोता आपली तुलना मानधन घेणाऱ्या वादकांशी करतो, आणि त्याला तो अधिकार आहे. पण हौशी मंडळाने त्या स्पर्धेत उतरण्याचे कारण नाही. खर्चासाठी सभासदांची मासिक वर्गणी, स्मरणिकेतील जाहिराती आणि गावातील दुकानदारांचे प्रायोजकत्व हे जुनेच मार्ग आहेत. त्यासाठी मंडळाच्या नावाचे बँक खाते लागते, आणि खात्यासाठी नोंदणी. किमान सात सभासद जमवून 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्रात त्यासोबत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ती करून घ्यावी.

लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये 1895 साली हेन्री वुड यांच्या संचालनाखाली जे प्रोमनाड कार्यक्रम सुरू झाले, त्यांत उभे राहून ऐकणाऱ्यांसाठी दर अगदी कमी ठेवला होता आणि लोकप्रिय तुकड्यांच्या आधाराने अवघड रचना हळूहळू ऐकवल्या जात. आपला मिश्र कार्यक्रम त्याच वाटेवरचा आहे, तेव्हा चित्रपटगीते वाजवल्याबद्दल ओशाळण्याचे कारण नाही. फक्त ती शेवटी एकत्र ठेवू नयेत. तसे केले की मध्यंतरापर्यंतचा वेळ श्रोते वाट पाहण्यात घालवतात.

प्रश्न: वाशीच्या एका कार्यक्रमात रचनेचा पहिला भाग संपल्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या, तर पुढच्या रांगेतील एका गृहस्थांनी मागे वळून डोळे वटारले. आमचे काय चुकले?
(एक श्रोती, कोपरखैरणे)

उत्तर: काही चुकले नाही. खुद्द मोझार्टने 1778 साली पॅरिसहून वडिलांना पत्र लिहून कळवले होते की, पहिल्या भागाच्या मध्येच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या कुठे पडतील हे त्याने आधीच ओळखले होते. बेथोवनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग 1813 मध्ये पहिल्याच प्रयोगात लोकांनी पुन्हा वाजवायला लावला. भागांमध्ये शांत बसण्याचा शिष्टाचार त्यानंतर बराच काळ लोटल्यावर रुळला. बैठकीत जागेवर दाद देण्याची सवय असलेल्या आपल्या श्रोत्यांवर तो लादण्यात मला काही शोभा दिसत नाही. हौशी वादकांना तर त्या टाळ्यांचा आधारच वाटतो.

प्रश्न: रविवारच्या तालमीत जुळणारी बासरी आणि व्हायोलिने नाट्यगृहात बेसूर का होतात? ठाण्यातील दोन कार्यक्रमांत मला हे जाणवले. मोकळ्यावर, तलावाकाठी कार्यक्रम केला तर हे टळेल का?
(एक श्रोता, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर: आपला कान चांगला आहे. तालीम बहुधा एखाद्या शाळेच्या वर्गात, पंख्याखाली होते, आणि कार्यक्रम वातानुकूलित रंगमंचावर. हवेतील ध्वनीचा वेग दर अंश सेल्सिअसमागे सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने बदलतो, म्हणून थंड हवेत बासरी, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट उतरतात. त्याच थंडीने तंतुवाद्यांच्या तारा आखडून चढतात. दोघे एकमेकांपासून विरुद्ध दिशांना जातात, आणि श्रोत्यांना तेच ऐकू येते. पावसाळ्यात तर फुगलेल्या खुंट्या बाहेर फिरत नाहीत आणि आतल्या कोरड्या हवेत सुटतात. यावर एकच उपाय आहे: वातानुकूलन चालू करवून सर्व वाद्ये तासभर आधी रंगमंचावर आणून ठेवायची आणि पडदा उघडण्यापूर्वी पुन्हा सुरात मिळवायची. पुष्कळ मंडळे भाड्याची वेळ वाचवण्यासाठी हाच तास गाळतात.

तलावाकाठचा कार्यक्रम सुरांच्या दृष्टीने सोपा नाही. ठाण्यातील मसुंदा किंवा उपवन तलावाकाठी संध्याकाळ सुखाची असते हे खरे, पण मागे भिंत आणि वर छत नसेल तर व्हायोलिनचा आवाज मोकळ्यात विरून जातो, ध्वनिक्षेपक लावावेच लागतात आणि त्यांच्याबरोबर नियम येतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री 10 नंतर ते चालत नाहीत, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात तर दिवसाही अडचण येते. हिवाळ्यात आणि लवकर सुरू केलेला कार्यक्रम तिथे जमू शकतो.

प्रश्न: आमच्याकडे व्हायोलिने बारा आहेत, परंतु व्हायोला एकही नाही. ओबो आणि बसून ही फुंकून वाजवायची वाद्ये तर पाहिलेलीही नाहीत. असा वाद्यवृंद अपुराच राहणार का?
(संचालक, खारघर, नवी मुंबई)

उत्तर: मुंबईच्या आसपास ही उणीव जुनी आहे. मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात गोव्याहून आलेल्या वादकांच्या पिढ्या वाढल्या, 2006 मध्ये मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. परंतु या सगळ्यातून हौशी मुलांपर्यंत पोहोचली ती मुख्यतः व्हायोलिन, गिटार आणि पियानो ही वाद्ये. बारापैकी दोघांना, शक्यतो लांब हातांच्या आणि उत्तम वाचणाऱ्या दोघांना, व्हायोलाकडे वळवावे. ते व्हायोलिनपेक्षा पंचमाने खाली लागते, म्हणून त्याचे काम व्हायोलिनवर भागवले तर खालची सी तार हरवते. ओबोचा भाग बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर वाजवता येतो; मात्र तो एक पूर्ण स्वर वर लिहून द्यावा लागतो. वाद्ये सुरात मिळवण्यासाठीचा ए, म्हणजे आपल्या पेटीची पांढरी सहा, 440 हर्ट्झवर क्लॅरिनेटने दिला तरी चालतो.

क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि युफोनियम वाजवणारे कसलेले लोक ठाणे-कल्याण पट्ट्यातील ब्रास बँडमध्ये आहेत. त्यांच्यापैकी अनेक जण कानाने वाजवतात, तेव्हा त्यांच्यासाठी तालमीचे ध्वनिमुद्रण आधी पाठवावे. ज्यांचे पोट वाजवण्यावर आहे, त्यांच्याकडून विनामोबदला काम मागू नये. बिदागी द्यावी आणि ऐरोलीच्या कार्यवाहांना लिहिलेली सवलत हौशी मंडळांसाठी असल्याने तिचा विचार त्या हिशेबाने पुन्हा करावा. कार्यक्रमाची तारीख ठरवताना पंचांगातील लग्नतिथी पाहून घ्याव्यात, नाहीतर ऐन वेळी आपले ट्रम्पेट एखाद्या वरातीत असेल.