जुना जीपीएस, नवा लॅपटॉप: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: नमस्कार सर, आमच्या ट्रेकिंग ग्रुपकडे गार्मिनचा पिवळा ईट्रेक्स जीपीएस आहे, अगदी पहिल्या मॉडेलपैकी. हरिश्चंद्रगड, रतनगड, नाणेघाट या भागातल्या जुन्या वाटा, पाण्याची टाकी, झरे असे बरेच पॉइंट त्यात सेव्ह केलेले आहेत. आधी डेस्कटॉपला नऊ पिनच्या पोर्टवर लावायचो, तो डेस्कटॉप गेला आणि नवीन लॅपटॉपला तसलं पोर्टच नाहीये. यूएसबी टू सिरीयल केबल आणली तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण येतो. दुकानदार म्हणतो जीपीएस गेलाय, टाकून द्या. खरंच गेलाय का? — एक वाचक, जुन्नर

उत्तर: अजिबात टाकू नका! पिवळा त्रिकोण तुमच्या जीपीएसबद्दल काहीच सांगत नाही, तो फक्त केबलबद्दल आहे. ईट्रेक्स न जोडता नुसती केबल लॅपटॉपला लावून बघा, त्रिकोण तरीही येईल. म्हणजे जीपीएस बिचारा यात कुठेच नाही.

होतं काय, की यूएसबी टू सिरीयल केबलमध्ये एक छोटी चिप असते आणि स्वस्त केबलमध्ये ती बऱ्याचदा प्रोलिफिक कंपनीची पीएल-२३०३ किंवा तिची नक्कल असते. नकली चिपा इतक्या झाल्या की कंपनीने नवीन ड्रायव्हरमध्ये जुन्या चिपा चालवणंच बंद केलं, आणि त्यात नकलांबरोबर अस्सल जुन्या चिपासुद्धा बाद झाल्या. त्रिकोणावर डबल क्लिक करून मेसेज वाचा. 'कोड १०' असेल किंवा 'पीएल-२३०३ एचएक्सए २०१२ पासून बंद, विक्रेत्याशी संपर्क करा' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असेल तर हाच प्रकार आहे.

यावर दोन उपाय. एक म्हणजे अपडेट ड्रायव्हरमध्ये जाऊन 'लिस्टमधून मी निवडतो' हा पर्याय घ्यायचा आणि त्याच ड्रायव्हरची जुनी व्हर्जन लावायची, चालतं, पण विंडोज अपडेट आलं की परत नवीन ड्रायव्हर बसतो आणि परत तेच सगळं करा. दुसरा, आणि माझं मत विचाराल तर हाच करा, एफटीडीआय या दुसऱ्या कंपनीच्या चिपची केबल घ्या. थोडे पैसे जास्त जातील पण डोक्याचा ताप जाईल. नकली एफटीडीआयपण बाजारात आहेत म्हणून भरवशाच्या दुकानातून, बिलासकट घ्या. आणि नवीन केबल येईपर्यंत धीर नसेल तर एखाद्या मित्राचा लिनक्सवाला लॅपटॉप मिळतोय का बघा, या जुन्या प्रोलिफिक चिपा तिकडे बऱ्याचदा काहीही न टाकता चालतात.

केबल चांगली आहे की नाही हे जीपीएस न लावता तपासता येतं आणि हे प्रत्येकाने करावं असं मला वाटतं. नऊ पिनच्या टोकाकडे नीट बघितलं तर बारीक आकडे दिसतात, त्यातल्या २ आणि ३ नंबरच्या पिना एका छोट्या तारेने, अगदी यू-पिन सरळ करून घेतली तरी चालेल, जोडायच्या. मग पुटी नावाचा फुकट प्रोग्राम उघडून सिरीयल निवडायचं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसणारा कॉम पोर्टचा नंबर टाकायचा आणि कीबोर्डवर काहीही टाइप करायचं. अक्षरं स्क्रीनवर उमटली आणि तार काढल्यावर उमटायची थांबली म्हणजे केबल, चिप, ड्रायव्हर तिन्ही ठीक. आता पुढचं बघायला हरकत नाही.

पुढचं म्हणजे ईट्रेक्सचं सेटिंग. मेन्यू, सेटअप, इंटरफेस असं जा, तिथे फॉरमॅट 'गार्मिन' हवा. बऱ्याच जणांनी कधीतरी लॅपटॉपवर लाइव्ह मॅप बघायला तो एनएमईए करून ठेवलेला असतो आणि मग वेपॉइंट, म्हणजे सेव्ह केलेले पॉइंट, उतरतच नाहीत, कारण एनएमईएमध्ये जीपीएस फक्त 'मी आत्ता इथे आहे' एवढंच ४८०० च्या स्पीडने सांगत राहतो, आत साठवलेलं काही देत नाही. गार्मिन मोडला स्पीड ९६०० असतो. मागच्या रबरी झाकणाखालचे चार कॉन्टॅक्ट पण बघा, इतक्या पावसाळ्यांनंतर हिरवट झाले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा, खरवडू नका. सेल नवीन टाका, अर्ध्यात सेल संपले की ट्रान्सफर तुटतो.

सॉफ्टवेअर म्हणाल तर गार्मिनचं बेसकॅम्प इथे उपयोगाचं नाही, ते सिरीयलवाले जीपीएस ओळखत नाही. जीपीएसबेबल घ्या, फुकट आहे. इनपुटला डिव्हाइस, त्यात गार्मिन सिरीयल, पोर्टला डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतो तो कॉम नंबर, आउटपुटला जीपीएक्स (जीपीएस डेटाचा सर्वमान्य फॉरमॅट) फाइल. वेपॉइंट, रूट, ट्रॅक (चाललेल्या वाटेची नोंद) तिन्हीवर टिक करायला विसरू नका. एखाद्या जुन्याच प्रोग्रामवर अडून बसला असाल आणि त्यात कॉम १२ वगैरे दिसतच नसेल तर पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्डला जाऊन नंबर बदलून ३ किंवा ४ करता येतो.

आणि एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो. या मॉडेलमध्ये वेपॉइंटचं नाव जेमतेम सहा इंग्रजी अक्षर-आकड्यांचं, त्यामुळे फाइल उतरली की त्यात 'आरटीजीटीके१' (RTGTK1) असलं काहीतरी दिसणार. ते रतनगडावरचं टाकं आहे, की त्याच्या अलीकडच्या वाटेवरचं, आणि त्यात मेपर्यंत पाणी टिकतं की जानेवारीतच आटतं हे फक्त ज्याने तो पॉइंट घेतला त्यालाच माहीत. ग्रुपमधल्या जुन्या मंडळींना एका संध्याकाळी बसवा, एकेक पॉइंट मॅपवर उघडा आणि पूर्ण नाव, वाट, पाण्याचा महिना असं सगळं लिहून घ्या. दरड कोसळून किंवा झाडी माजून ज्या वाटा आज दिसतही नाहीत त्यांचा पुरावा कदाचित तुमच्या त्या पिवळ्या डबीतच असेल.

प्रश्न: माझ्याकडे गार्मिन ६० सीएसएक्स आहे, याला यूएसबी आहे तरी लॅपटॉपला लावल्यावर ड्राइव्ह म्हणून दिसत नाही. पोर्ट गेलं असेल का? आणि सेव्ह केलेल्या ट्रॅकमध्ये वेळ का येत नाही? — एक वाचक, नाशिक

उत्तर: पोर्ट गेलं असं लगेच धरून चालू नका. पहिला संशय केबलवर घ्या. मिनी यूएसबीच्या कितीतरी केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, डेटाच्या तारा आत नसतातच. जीपीएस बंद ठेवून केबल लावली आणि तो चालू झाला म्हणून केबल चांगली असं समजू नका, तेवढं तर चार्जिंगची केबलपण करते.

दुसरं म्हणजे हा जीपीएस पेन ड्राइव्हसारखा आपोआप दिसतच नाही. त्याला गार्मिनचा यूएसबी ड्रायव्हर लागतो, मग जीपीएसबेबल किंवा गार्मिनचंच जुनं मॅपसोर्स त्याच्याशी बोलू शकतात. ड्राइव्ह म्हणून हवा असेल तर सेटअप, इंटरफेसमध्ये 'यूएसबी मास स्टोरेज' दाबायचं, पण तेव्हाही तुम्हाला मायक्रो एसडी कार्ड काय ते दिसणार, आतली मेमरी नाही. लॅपटॉपला सगळी टाइप सी पोर्ट असतील तर साधा अडॅप्टर चालतो, त्याने काही बिघडत नाही.

वेळेचं म्हणाल तर हे फार महत्त्वाचं आहे. या पिढीच्या गार्मिनमध्ये ट्रॅक 'सेव्ह' केला की तो पॉइंट कमी करतो आणि वेळ काढून टाकतो. खरा, पूर्ण ट्रॅक अॅक्टिव्ह लॉगमध्ये, म्हणजे चालताना आपोआप होणाऱ्या नोंदीत, असतो. म्हणून ट्रेकवरून आल्यावर आधी अॅक्टिव्ह लॉग उतरवून घ्या, मगच क्लिअर करा. तुमच्या मॉडेलमध्ये तर याहून सोपं आहे, ट्रॅकच्या सेटअपमध्ये डेटा कार्डवर लॉग करायचा पर्याय आहे, तो चालू केला की रोजची वेगळी जीपीएक्स फाइल वेळेसकट कार्डवर पडते. कार्ड काढलं, रीडरमध्ये घातलं, फाइल कॉपी केली, ना ड्रायव्हर ना केबल.

प्रश्न: जुना हँडहेल्ड जीपीएस चालू केला, सॅटेलाइट पकडतो, लोकेशन पण बरोबर दाखवतो, पण १० फेब्रुवारी २०२४ च्या ट्रेकची तारीख २६ जून २००४ आली! लॅपटॉपवर ट्रॅक घेतला तरी तीच. लॅपटॉपचा घोळ आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: लॅपटॉपचा काही दोष नाही. कॅलेंडर काढून बघा, दोन्ही दिवस शनिवारच आहेत, आणि कारण त्यातच आहे. जीपीएसचे सॅटेलाइट तारीख पाठवताना आठवड्याचा नंबर पाठवतात आणि जुन्या सिग्नलमध्ये तो १०२३ च्या पुढे जाऊ शकत नाही, परत शून्यापासून सुरू होतो. असं पहिल्यांदा ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, मग एप्रिल २०१९ मध्ये, पुढचं नोव्हेंबर २०३८ ला आहे. ज्या जीपीएसच्या फर्मवेअरला, म्हणजे आतल्या कायमच्या प्रोग्रामला, ही उडी कळत नाही तो बरोबर १०२४ आठवडे, म्हणजे ७१६८ दिवस मागे जातो. पूर्ण आठवडेच मागे जात असल्यामुळे वार तोच राहतो.

लोकेशनवर परिणाम होत नाही, वाटेवर निर्धास्त वापरा. फक्त त्याच्या स्क्रीनवरच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवर अवलंबून राहू नका, त्या तुम्हाला जूनच्या दाखवणार आणि फेब्रुवारीत अंधार त्यापेक्षा लवकर पडतो, गडावरून उतरताना हे फार महागात पडू शकतं. तुमच्या मॉडेलसाठी नवीन फर्मवेअर निघालंय का ते कंपनीच्या साइटवर बघा, पण टाकण्याआधी आतला सगळा डेटा उतरवून घ्या आणि सेल नवे घाला. फर्मवेअर नसेल तर जीपीएसबेबलच्या ट्रॅक फिल्टरने वेळ सरकवता येते, ७१६८ दिवस पुढे ढकला की तारीख जागेवर येते. मूळ फाइल मात्र तशीच ठेवा, दुरुस्त केलेली वेगळ्या नावाने सेव्ह करा.